पहिलं बरं की दुसरं? जुन्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांच्या खिडक्या कशा पारखाव्यात

साताऱ्यात मोती चौकाजवळ माझं चष्म्याचं दुकान आहे. समोरच्या माणसाच्या नाकावर ट्रायल फ्रेम चढवायची, एकामागून एक काचा घालायच्या आणि विचारायचं, "पहिलं बरं दिसतं की दुसरं?" तेवीस वर्षं हेच काम करते आहे. फिल्मच्या कॅमेऱ्यांचा नाद त्याच्याही आधीचा. मामा बोटीवर होता. त्याने १९७६ साली याशिका इलेक्ट्रो ३५ आणला, आणि त्याच्या खिडकीतला तो मधला पिवळसर चौकोन मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी सहा वर्षांची होते. अंगणातल्या तुळशीच्या दोन प्रतिमा हळूहळू सरकत एक झाल्या. ते दृश्य अजून डोळ्यांपुढे आहे.

गेल्या हिवाळ्यात माझे एक गिऱ्हाईक, हायस्कूलवर विज्ञान शिकवणारे तरुण सर, पिशवीतून लायका एम ३ घेऊन दुकानात आले. कऱ्हाडच्या एका कुटुंबाने दोन दिवसांच्या बोलीवर पाहायला दिला होता. "ताई, याची खिडकी जगात सर्वांत चांगली म्हणतात. घेऊ ना?" मी म्हटलं, "सर, खिडकी चांगलीच आहे. पण ती तुमच्या डोळ्याला चांगली आहे का, ते आधी पाहू." मग आम्ही गच्चीवर गेलो. त्या दिवशी जे जे केलं तेच इथे क्रमाने लिहिते आहे. तुमच्याकडे दोन किंवा अधिक कॅमेरे असतील, किंवा विकत घेण्याआधी तासभर हातात मिळणार असतील, तर घरच्या घरी एवढं सगळं करता येतं.

आधी खिडकीत काय असतं ते समजून घ्या. रेंजफाइंडर म्हणजे लेन्समधून नव्हे, वेगळ्या खिडकीतून पाहून फोकस करायचा कॅमेरा. बहुतेक रेंजफाइंडरची पाहायची खिडकी म्हणजे उलटी धरलेली छोटी दुर्बीण: पुढे मायनसची काच, डोळ्याकडे प्लसची. म्हणून दृश्य लहान होऊन दिसतं. कॅमेऱ्याच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक लहान खिडकी असते. तिच्यातून आलेली प्रतिमा आतल्या आरशांवरून फिरून एका अर्धपारदर्शक आरशामार्फत पहिल्या दृश्याच्या मधोमध येऊन बसते. हाच तो पॅच. लेन्सची रिंग फिरवली की ही दुसरी प्रतिमा सरकते, आणि दोन्ही जुळल्या की फोकस झाला. फोटो लेन्समधून येतो आणि आपण पाहतो खिडकीतून, म्हणून खिडकीचा खरेपणा तपासावा लागतो. एसएलआरवाल्यांना, म्हणजे आरशावरून थेट लेन्समधूनच पाहणाऱ्यांना, ही काळजी नाही. पण शटर पडताना आरसा वर जाऊन त्यांच्या डोळ्यांपुढे अंधार होतो, आणि चौकटीत शिरण्याच्या बेतात असलेलं माणूस त्यांना आधी दिसत नाही. मला ते माणूस दिसायला हवं असतं.

कुठल्या डोळ्याने पाहता?

हा प्रश्न सर्वांत आधी, आणि तो फारसं कुणी विचारत नाही. दोन्ही हात पुढे लांब करा, पंजे एकमेकांवर आडवे ठेवून मध्ये रुपयाच्या नाण्याएवढी फट ठेवा. त्या फटीतून दूरची एखादी वस्तू दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहा. मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला ती वस्तू फटीतच राहते, तो तुमचा हुकमी डोळा.

जवळजवळ सगळ्या रेंजफाइंडरची खिडकी कॅमेऱ्याच्या डाव्या कोपऱ्यात असते. उजव्या डोळ्याने पाहणाऱ्याचा डावा डोळा त्यामुळे मोकळा राहतो आणि उघडा ठेवता येतो. डाव्या डोळ्याने पाहणाऱ्याचा उजवा डोळा मात्र कॅमेऱ्याच्या पाठीमागे झाकला जातो, नाक पाठीवर दाबतं आणि वाइंडिंग लिव्हर भुवईला टोचतो. दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहण्याची जी चैन एकास एक, म्हणजे दृश्य लहान न करणाऱ्या, खिडकीत मिळते, ती डाव्या डोळ्यावाल्याला मिळत नाही. सरांचा हुकमी डोळा डावा निघाला. तेवढ्यावरच अर्धा निकाल लागला होता, पण मी तेव्हा बोलले नाही.

चष्म्यासकट चारही कोपरे

दुकानात जुना कॅमेरा पाहणारा माणूस बहुधा चष्मा कपाळावर सरकवतो आणि खिडकीला डोळा लावतो. असं करू नका. ज्या चष्म्याने तुम्ही रस्त्यावर फिरता, तोच नाकावर ठेवून पाहा. चष्म्याची काच मध्ये आली की डोळा दीड-दोन सेंटिमीटर मागे जातो, आणि या उलट्या दुर्बिणीत डोळा जितका मागे तितकं दृश्य कडेने कापलं जातं. डोळा न हलवता चौकटीचे, म्हणजे फोटोत किती येईल ते दाखवणाऱ्या आयताचे, चार कोपरे एकाच वेळी दिसतात का, ते मोजा. मी वहीत सरळ आकडा लिहिते: चार, तीन, दोन.

माझा नंबर मायनस साडेतीन आहे. लायका एम ३ मध्ये ५० मिमीच्या लेन्सची चौकट मला चष्म्यातून एका नजरेत पूर्ण दिसत नाही, डावीकडच्या कडेसाठी डोळा किंचित सरकवावा लागतो. माझ्या लायका एम २ मध्ये ५० ची चौकट आरामात दिसते. ३५ ची पाहताना कडा मात्र हातच्या सुटतात. कॅनन पी मध्ये ३५ ची चौकट इतकी काठावर आहे की चष्मा लावून ती विसरूनच जावी. चष्मा नसलेल्या माणसालाही डोळा अगदी टेकवावा लागतो.

आता नंबराचं. फक्त गोल नंबर असेल, म्हणजे सिलिंडर (एकाच दिशेत लागणारा नंबर) नसेल, तर चष्मा काढून खिडकीतच नंबर बसवण्याचा मार्ग आहे. लायका एमच्या खिडकीवर फिरवून बसवायच्या सुट्या काचा मिळतात. झोर्की ४ मध्ये तर रिवाइंडच्या बटणाखालीच एक लिव्हर आहे. तो फिरवला की खिडकीचा नंबर बदलतो, आणि जुन्या स्वस्त कॅमेऱ्यांत ही सोय मला फार मोलाची वाटते. पण सिलिंडर असेल तर सुटी काच घेण्याआधी थांबा. सिलिंडरला अक्ष असतो. कॅमेरा आडवा असताना काच बरोबर बसली, तरी उभा फोटो घ्यायला कॅमेरा फिरवला की काचही नव्वद अंशांत फिरते आणि अक्ष पार चुकतो. चष्मा नाकावर असतो, तो कॅमेऱ्याबरोबर फिरत नाही. म्हणून पाऊणच्या वर सिलिंडर असणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते, चष्म्यासकट दिसेल अशीच खिडकी शोधा.

चाळिशी लागलेल्यांना वाटतं की खिडकी डोळ्याजवळ आहे, म्हणजे वाचायचा नंबर लागेल. तसं नाही. लायका आपल्या एम कॅमेऱ्यांची खिडकी मायनस अर्ध्यावर बसवते, म्हणजे प्रतिमा सुमारे दोन मीटरवर असल्यासारखी दिसते. लांबचाच नंबर जवळपास चालतो. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह असेल तर हनुवटी किंचित खाली घेऊन काचेच्या वरच्या भागातून पाहा.

एक उपाय इथेच सांगून टाकते. जुन्या कॅमेऱ्यांच्या खिडकीला धातूचं कडं असतं आणि ते प्लास्टिकच्या काचांवर ओरखडे काढतं. सायकलच्या जुन्या ट्यूबमधून पातळ रिंग कापा आणि रबर सोल्युशनच्या एका थेंबाने कड्यावर चिकटवा. माझ्या तिन्ही कॅमेऱ्यांना ती आहे.

डोळे तपासायचा तक्ता भिंतीवर

ही माझी स्वतःची पद्धत, आणि खिडकी किती स्वच्छ आहे ते सांगायला याहून खात्रीची युक्ती मला सापडलेली नाही. दुकानातला देवनागरी अक्षरांचा तक्ता मी गच्चीच्या भिंतीला लावते आणि सहा मीटरवर उभी राहते. आधी चष्मा लावून, कॅमेरा न घेता, शेवटची कुठली ओळ वाचता येते ते पाहायचं. समजा ६/६ ची, म्हणजे निरोगी डोळ्याला सहा मीटरवरून वाचता येणारी, ओळ वाचली. (खालचा आकडा जितका मोठा, तितकी अक्षरं मोठी.) आता तोच डोळा खिडकीला लावून पुन्हा वाचायचं.

खिडकी दृश्य लहान करते, तेव्हा ओळी कमी वाचता येणारच. किती कमी, याचा हिशेब आहे. खिडकीचं मोठेपण, म्हणजे दृश्य मूळच्या किती पट दिसतं ते, ०.७२ असेल तर सहाला ०.७२ ने भागा: सुमारे ८.३. म्हणजे ६/९ ची ओळ दिसायला हवी, ६/६ ची नाही दिसली तरी तक्रार नाही. एम ३ चं मोठेपण ०.९१, तिथे ६/६ ची ओळ जेमतेम लागायला हवी. कॅनन पी आणि झोर्की ४ एकास एक, त्यांतून उघड्या डोळ्याइतकंच वाचता यायला हवं. हिशेबापेक्षा दोन ओळी मागे पडलात तर दोष तुमच्या डोळ्याचा नाही. आत धूर बसला आहे, बुरशी आहे, किंवा काचा सुटल्या आहेत. माझी झोर्की पुण्याच्या जुन्या बाजारातून आणली तेव्हा तिच्यातून मला ६/१८ च्या पुढे अक्षर लागत नव्हतं. उघडून पुढची काच आतून पुसल्यावर ६/९ पर्यंत आली.

तक्ता नसेल तर वर्तमानपत्राचं पान लावा आणि मथळ्यांपासून खाली कुठवर वाचता येतं ते उघड्या डोळ्याने आणि खिडकीतून पडताळा. हिशेब इतका नेमका राहत नाही, पण दोन कॅमेऱ्यांत डावंउजवं ठरवायला पुरतो.

खिडकीचं मोठेपण माहीत नसेल तर तेही मोजता येतं. समोरच्या घराच्या खिडकीचे उभे गज पाहा. एक डोळा कॅमेऱ्याला लावा, दुसरा उघडा ठेवा. दोन प्रतिमा एकमेकींवर पडतील. खिडकीतल्या दहा गजांनी उघड्या डोळ्याच्या सात गजांची जागा व्यापली, तर मोठेपण ०.७. कॅनन पी मधून हे करताना दोन्हीकडचे गज अगदी एकावर एक बसतात आणि कॅमेरा हातात आहे हेच क्षणभर विसरायला होतं. हवेत नुसती एक पांढरी चौकट तरंगते आहे असं वाटतं. उजव्या डोळ्याच्या माणसाने हा अनुभव एकदा तरी घ्यावा.

चौकटी

चौकटी किती, कशा आणि कितपत खऱ्या, हे तीन वेगळे प्रश्न आहेत.

१९५४ सालच्या एम ३ मध्ये ५०, ९० आणि १३५ अशा चौकटी आहेत. ५० ची कायम दिसते. बाकीच्या, ती ती लेन्स लावली की आपोआप तिच्यात उमटतात. १९५७ च्या एम २ मध्ये ३५, ५०, ९०, आणि एका वेळी फक्त एकच. माझ्या मनाला एम २ ची ही रीत सर्वांत पटते, कारण पाहताना दुसरं काहीच मध्ये येत नाही. कॅनन पी मध्ये ३५, ५० आणि १०० या तिन्ही चौकटी सदैव एकदम दिसतात. एका लेन्सवरच काम करणाऱ्याला त्याची सवय होते, पण घाईत मी दोनदा १०० च्या चौकटीत माणूस बसवून ५० ने फोटो घेतला आहे. झोर्की ४ मध्ये चौकटच नाही. खिडकीची कड हीच ५० मिमीची सीमा, आणि चष्म्यावाल्याला नेमकी तीच कड दिसत नाही. इलेक्ट्रो ३५ ची लेन्स बदलत नाही, ४५ मिमी, त्यामुळे एकच चौकट, आणि सोबत उजेडाचे इशारे देणारे दोन बाण: लाल आणि पिवळा.

उजळ चौकटींना उजेड लागतो. लायकात तो मधल्या दुधी काचेतून येतो. तिच्यावर बोट ठेवून पाहा, चौकट विझते. कॅमेरा धरताना तुमचं बोट नेहमी तिथेच जात असेल तर ते खरेदीआधी कळलेलं बरं. सायंकाळी साडेसहाच्या सुमारास आणि घरात ट्यूबलाइटखाली असं दोनदा पाहा. दुपारी बारा वाजता सगळ्याच चौकटी चमकतात.

एम ३ घेणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तिच्यात ३५ मिमीची चौकट नाही. म्हणून लायकाने तिच्यासाठी अशा ३५ मिमीच्या लेन्स काढल्या की ज्यांना चष्मा लावलेला असतो! दोन काचांचं ते जोडकाम दोन्ही खिडक्यांपुढे येऊन बसतं आणि ५० च्या चौकटीत ३५ चं दृश्य मावतं. माझ्या धंद्यातली वस्तू लेन्सच्या अंगावर पाहून मला फार आनंद झाला होता. पण दृश्य त्या प्रमाणात लहान होतं, आणि एम ३ ची मोठ्या खिडकीची मौज तिथे संपते.

आता खरेपणा. डोळा लेन्सच्या वर आणि डावीकडे असतो, म्हणून जवळच्या वस्तूत दोघांचं दृश्य जुळत नाही. लायका एममध्ये, कॅनन पी मध्ये आणि इलेक्ट्रोतही जवळ फोकस करत आलं की चौकट आपसूक उजवीकडे खाली सरकते. झोर्कीत असं काही होत नाही. तिथे एक मीटरवर माणसाच्या डोक्यावर थोडी जास्त जागा आपण स्वतः सोडायची. चौकट सरकली तरी तिचा आकार बदलत नाही, हे मात्र पुष्कळांना माहीत नसतं. जुन्या एमच्या चौकटी एक मीटरच्या अंतरासाठी आखलेल्या आहेत. दूरच्या दृश्यात फिल्मवर चौकटीबाहेरचंही बरंच येतं.

हे फिल्म न घालता तपासायचं असेल तर कॅमेऱ्याची पाठ उघडा, फिल्मच्या रुळांवर बटर पेपरचा तुकडा ताणून चिकटवा, शटर बी वर (दाबलेलं असेपर्यंत उघडं राहतं ती खूण) ठेवून दाबून धरा, शक्यतो केबल रिलीजने. लेन्स पूर्ण उघडी. बटर पेपरवर उलटं दृश्य उमटतं. गच्चीच्या भिंतीवर मी खडूने आयत काढते आणि कोपऱ्यांत क, ख, ग, घ लिहिते. कॅमेरा तिपाईवर ठेवून चौकट आयतावर बसवायची आणि बटर पेपरवर चारही अक्षरं कुठे पडतात ते पाहायचं. एक मीटरला एकदा, तीन मीटरला एकदा. बारीक पाहायला मी ट्रायल बॉक्समधली प्लस वीसची काच वापरते, ती पाचपट मोठं दाखवते. इलेक्ट्रोत हे करताना बॅटरी असू द्या.

मधला पॅच

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. पॅचच्या तीन गोष्टी पाहायच्या: किती ठळक, कडा किती रेखीव, आणि जुळणी किती अचूक.

एम ३ चा पॅच अजूनही माझ्या पाहण्यातला सर्वोत्तम. त्याच्या कडा सुरीने कापल्यासारख्या आहेत. त्यामुळे दोन प्रतिमा एकमेकींवर बसवण्याऐवजी कडेवर तुटलेली रेघ जोडूनही फोकस करता येतो, आणि तुटलेली रेघ डोळ्याला फार लवकर कळते. कॅनन पी मध्ये कडा मऊ, झोर्कीत धूसर. तिथे फक्त दुहेरी प्रतिमा एक होण्यावर भिस्त.

अचूकतेचा हिशेब सोपा आहे. दोन खिडक्यांमधलं अंतर, म्हणजे पाया, गुणिले खिडकीचं मोठेपण. एम ३: ६८.५ मिमी गुणिले ०.९१, म्हणजे सुमारे ६२. एम २: तेच अंतर, पण मोठेपण ०.७२, म्हणून ४९. कॅनन पी: ४१ गुणिले एक, ४१. झोर्की ४: ३८ गुणिले एक, ३८. लायका सीएल लहान आणि देखणा, पण ३१.५ गुणिले ०.६, जेमतेम १९.

किती पुरेसं, हे लेन्सवर ठरतं. फोकल लेंथचा, म्हणजे लेन्सवरच्या मिमीच्या आकड्याचा, वर्ग करा आणि एफ आकड्याने (लेन्सचं तोंड किती उघडतं ते सांगणाऱ्या) भागा. ५० मिमी एफ २ साठी १२५०. ९० मिमी एफ ४ साठी २०२५. १३५ मिमी एफ ४ साठी ४५५६, म्हणजे ५० एफ २ च्या साडेतीनपटींहून जास्त मागणी. या आकड्यांची आपसांत तुलना करायची, बस. ३५ आणि ५० च्या साध्या लेन्सवर झोर्कीचा पाया अगदी पुरतो. ९० पूर्ण उघडी वापरायची असेल तर एम ३ घ्या, तिथे दुसरं नाव मी घेणार नाही.

मोठ्या पायाच्या मोहात कीव्ह ४ ही डोळ्यांपुढे येतो. तो १९३६ च्या कॉन्टॅक्स २ चा वारसदार, आणि कॉन्टॅक्स २ हा पाहायची आणि फोकसची खिडकी एकत्र केलेला पहिला कॅमेरा. त्याचा पाया सुमारे ९० मिमी. पण पाहायची खिडकी अरुंद आहे, आणि दुसरी खिडकी इतकी टोकाला की उजव्या हाताचं बोट हमखास तिच्यावर येतं आणि पॅच नाहीसा होतो. बोटं वर दुमडून धरायला शिकावं लागतं.

जुळणी तपासायला आमच्या गच्चीवरून अजिंक्यताऱ्यावरचा टीव्हीचा मनोरा दिसतो. लेन्स अनंतावर ठेवली की पॅचमधला मनोरा बाहेरच्या मनोऱ्याशी तंतोतंत जुळायला हवा. तुमच्याकडे पाण्याची टाकी, देवळाचा कळस, एक किलोमीटरच्या पलीकडची कुठलीही उभी वस्तू चालेल. रात्री चंद्र. मग विजेच्या आडव्या तारा पाहा: पॅचमधली तार बाहेरच्या तारेच्या वर किंवा खाली दिसली तर उभी चूक आहे. तिने फोकस बिघडत नाही, पण डोळा शिणतो आणि अंधारात जुळणी अवघड होते. शेवटी टेपने फिल्मच्या पातळीपासून बरोबर एक मीटर मोजून कागद लावा, पॅच जुळवा, लेन्सवरचा आकडा वाचा. अनंत बरोबर आणि एक मीटर चूक, किंवा उलट, असं पुष्कळदा निघतं. एकाच टोकाला तपासून समाधान मानू नका. आणि खिडकीच्या गजांवर कधी फोकस करू नका, शेजारचा गज चुकीच्या गजावर बसतो आणि आपल्याला जुळलं असं वाटतं.

पॅच फिका असेल तर आधी साधा उपाय करा. काळ्या टेपचा ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा पाहायच्या खिडकीच्या बाहेरच्या काचेवर मधोमध लावा. मागचं दृश्य तेवढ्यापुरतं काळवंडतं आणि पॅच उठून दिसतो. मामाच्या इलेक्ट्रोवर असा तुकडा आठ वर्षांपासून आहे. कॅमेरा उघडला तरी आतला अर्धपारदर्शक आरसा पुसू नका, पुसायला देऊही नका. त्याच्यावरचा मुलामा अतिशय नाजूक असतो. माझ्या एका जुन्या कॅनोनेटचा आरसा एका कारागिराने स्पिरिटने लख्ख पुसून दिला. काच स्वच्छ झाली आणि पॅच कायमचा गेला. त्या कॅमेऱ्यावर मी आत्याच्या एकसष्टीचे फोटो घेतले होते, तो असा गेल्याचं मला आजही वाईट वाटतं.

एम ३ च्या बाबतीत आणखी एक काळजी. तिच्या प्रिझमच्या काचा बाल्सम नावाच्या पारदर्शक डिंकाने जोडलेल्या आहेत. कॅमेरा कधी जोरात पडला असेल तर जोड सुटतो आणि खिडकीत काळसर डाग किंवा पूर्ण अंधार येतो. बाहेरून एक ओरखडा नसला तरी खिडकीच्या कडा नीट पाहा. आणि १९८४ नंतरचा एम ६ घेत असाल तर दिवा किंवा सूर्य बाजूला ठेवून पाहा. काही कोनांतून त्याचा पॅच पांढरा होऊन पुसला जातो. डोळा मधोमध आणला की बहुधा परत येतो, पण वारीच्या गर्दीत तेवढा वेळ मिळत नाही.

मग कुणी काय घ्यावं

चष्मा नाही, उजवा डोळा, ५० ची आवड: कॅनन पी, किंवा पुढच्या काळातला बेसा आर३ए. तोही एकास एक, चौकटी ४०, ५०, ७५, ९०. चष्मा आहे आणि ३५-५० वर काम: एम २. माणसांचे चेहरे जवळून, ९० ने, आणि डोळा निरोगी: एम ३. हाताशी पैसे थोडे आणि गोल नंबर: झोर्की ४, पण आधी तक्ता वाचून पाहा. इलेक्ट्रो मी नवशिक्यांना देते, कारण तिथे लेन्स आणि चौकट यांचा घोळच होत नाही.

सरांचा नंबर मायनस सव्वापाच, सिलिंडर मायनस पावणेदोन, हुकमी डोळा डावा. एम ३ मधून तक्ता त्यांनी छान वाचला, पॅच पाहून हरखले. मग मी त्यांना भिंतीसमोर उभं केलं आणि चौकटीत कुठली अक्षरं दिसतात ते सांगा म्हटलं. "ख आणि घ," ते म्हणाले. डोकं सरकवलं, "आता क. पण घ गेला." त्यांच्या हातात माझा एम २ दिला आणि नेहमीचा प्रश्न विचारला.

ते बराच वेळ पाहत राहिले. मग कॅमेरा डोळ्यापासून न काढताच क, ख, ग, घ ओळीने म्हणाले. एम ३ ते दुसऱ्या दिवशी कऱ्हाडला परत देऊन आले. एम २ मिळेपर्यंत माझा कॅमेरा दर रविवारी त्यांच्याकडे असतो, सायकलच्या ट्यूबच्या रिंगेसकट.